आकडा आहे, म्हणून सरासरी काढायची?

मुंबईच्या जीपीओचा पिन कोड 400001, पुण्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा 411001. दोन्हींची सरासरी 405501. गणित बिनचूक, पण त्यातून वाटेतलं लोणावळं काही सापडत नाही. 1972 मध्ये ही पद्धत आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी (आणि संस्कृत कवीही!). त्यांनी अंक वापरले ते पत्ता ओळखण्यापुरते.

अंकांची अशी कुळं हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी 1946 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडली. त्यामागे एक भांडण होतं. आवाजाच्या मोठेपणासारखी संवेदना मोजता येते का, हे ठरवायला ब्रिटनमध्ये 1932 साली भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांची समिती बसली. 1940 पर्यंत खल चालला, एकमत झालं नाही. स्टीव्हन्स यांची स्वतःची आवाजाची मोजपट्टीही या वादात ओढली गेली. त्यांनी प्रश्नच फिरवला: अंक कोणत्या नियमाने दिले ते आधी सांगा, मग त्यांचं काय करता येईल ते ठरवू.

पिन कोड ही नामश्रेणी. तिच्यावरची क्रमश्रेणी. फ्रीडरिश मोस यांनी 1812 मध्ये खनिजांचा कठीणपणा कशावर कशाचा ओरखडा उठतो यावरून लावला. शंखजिऱ्याला 1, माणिक-नीलम ज्याचे प्रकार आहेत त्या कुरुंदाला 9, हिऱ्याला 10. नऊ आणि दहात एकाचाच फरक. पण उपकरणाने मोजलं तर हिरा कुरुंदाच्या सुमारे चौपट कठीण भरतो. क्रम खरा, अंतरं मात्र समान नाहीत.

तिसरी अंतरालश्रेणी, आणि खरी फसगत इथेच होते. समजा, नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंश सेल्सिअसवर आहे आणि मेच्या दुपारी 45 वर. उन्हाळा साडेचार पट तापला म्हणायचं? हीच तापमानं फॅरनहाइटमध्ये 50 आणि 113. म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. हवा तीच, पट बदलली! कारण दोन्ही पट्ट्यांचा शून्य माणसाने सोयीने ठेवलेला आहे. पस्तीस अंशांचा फरक खरा, 'पट' खोटी. निरपेक्ष शून्यापासून मोजणाऱ्या केल्विन पट्टीवर, म्हणजे चौथ्या गुणोत्तरश्रेणीत, 283 चे 318 झाले. वाढ साधारण बारा टक्के. वजन आणि लांबी याच श्रेणीतली, म्हणून दुप्पट वजन म्हटलं की ते किलोतही दुप्पट आणि पौंडातही.

आता 'अत्यंत असमाधानी' ते 'अत्यंत समाधानी' अशी पाच घरांची प्रश्नावली घ्या. ती रेन्सिस लिकर्ट यांची, 1932 ची. मूळची क्रमश्रेणीच, तरी सर्रास सरासरी काढली जाते. स्टीव्हन्स यांचे नियम फार सोवळे आहेत असं मानणारे संख्याशास्त्रज्ञही आहेत. फ्रेडरिक लॉर्ड यांनी 1953 मध्ये फुटबॉलपटूंच्या जर्सीवरच्या नंबरांचीच सरासरी काढून या नियमांची थट्टा केली होती. थट्टेत तथ्य आहे: प्रश्न नेमका असेल तर अशी सरासरीही कामी येते. पण आपल्याकडच्या बहुतेक सर्वेक्षणांत तो नेमका प्रश्नच नसतो. शंभरपैकी पन्नास जणांनी 1 दिला आणि पन्नास जणांनी 5, तर सरासरी 3 येते, आणि 3 तर कुणीच दिलेला नसतो. तेव्हा यापुढे कुणी '5 पैकी 3' असं समाधान पुढ्यात ठेवलं, तर कोणत्या घरात किती जण होते, तेवढं जरूर विचारा.