शेजारचं घर आणि आपली खिडकी

शेजारच्या मोकळ्या जागेत एके दिवशी चुन्याच्या रेघा दिसतात. दुसऱ्या दिवशी वाळूचा ट्रक येतो. पाया खणायला घेतला की आपल्याला कळतं, इथे घर उठणार आहे. किती मजली, आपल्या भिंतीपासून किती अंतरावर, हे कुणी आपल्याला सांगत नाही. म्हणून हरकत घ्यायची वेळ येते तेव्हा ती कुठे घ्यायची आणि कशाची घ्यायची, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो. गेल्या वर्षी फोनवर म्हणाला, "मामू, शेजारी घर बांधणार आहे, तर कौन्सिलचं मला पत्र आलंय. काही म्हणायचं असेल तर २१ दिवसांत कळवा म्हणतात." मला नवल वाटलं. तिथे अशा अर्जाची खबर शेजाऱ्याला पत्राने द्यायची किंवा जागेवर सूचना लावायची, असा दंडक आहे. अर्थात, पत्र आलं म्हणजे सगळं ऐकून घेतात असं नाही. खिडकीतून दिसणारी टेकडी झाकली जाईल, माझ्या घराची किंमत उतरेल, या हरकती तिथे धरतच नाहीत. उजेड अडतो का, नव्या खिडक्यांतून आपल्या घरात डोकावता येईल का, इमारत अंगावर येते का, असलं पाहतात. आणि परवानगी मिळाली की शेजाऱ्याला अपील नाही. अपील फक्त अर्जदाराला.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात बांधकामाची परवानगी १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली मिळते. हरकती आणि सूचना मागवतात त्या शहराच्या विकास आराखड्यावर. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते आणि आपण ती उलटून क्रिकेटच्या पानाकडे जातो. पण एका प्लॉटवरच्या एका घरासाठी शेजाऱ्याला नोटीस काढलीच पाहिजे, अशी सक्ती या कायद्यात नाही.

हे मी शिकलो ते गरजेपोटी. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए. झालेला, कायद्याशी माझा संबंध नव्हता. आमचं घर जुन्या गावठाणातलं. अम्मीच्या खोलीला पूर्वेकडे एकच खिडकी. अम्मीने ऐंशी ओलांडली आहेत. सकाळी त्या उजेडात बसून ती तांदूळ निवडते, दुपारी तिथेच तिचा डोळा लागतो. पलीकडे इतकी वर्षं पत्र्याची बसकी शेड होती. आता तिथे तीन मजले येणार. शेजाऱ्यांचा मुलगा म्हणाला, "चाचा, जागा आमची आहे, नकाशा पास झालाय." खोटं काहीच नाही त्यात. त्यालाही दोन मुलं आहेत, खोल्या हव्यात.

अशा वेळी आपण चूक करतो ती एकाच अर्जात सगळं लिहिण्याची. उजेड जातो, धूळ येते, जुना शेजारधर्म मोडला, वडिलांच्या वेळी असं नव्हतं. दारं मात्र दोन आहेत आणि ती निरनिराळ्या गोष्टींसाठी उघडतात.

पहिलं दार नगरपालिकेचं. तिथे मापाचीच भाषा चालते. सामासिक अंतर सोडलंय का, उंची आणि एफएसआय नियमात आहे का, बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे चाललंय का. मुंबई आणि काही भाग वगळता डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली लागू झाली. गावठाणातल्या दाट वस्तीला तिच्यात अंतरांची बरीच सवलत आहे, हे आधी समजून घ्यावं. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. तीस दिवसांत इकडे स्लॅब पडू शकतो, म्हणून पाया दिसताच अर्ज टाकावा. आणि कुठलाही कागद दिला की आवक क्रमांक घ्यावा. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

दुसरं दार दिवाणी न्यायालयाचं. पालिका तुम्हाला सांगेल, उजेडाचं आमच्याकडे नाही. पण नकाशा पास झाला म्हणून आपला उजेडाचा हक्क बुडत नाही. तो हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातला. खिडकीतून २० वर्षं शांतपणे, अखंड उजेड येत असेल तर तो तसाच येत राहण्याचा हक्क मिळतो. खिडकी जुनी आहे हे दाखवायला जुनी छायाचित्रं, जुना नकाशा, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांची साक्ष कामी येते. मात्र उजेड थोडा कमी झाला एवढ्याने भागत नाही. राहणाऱ्याच्या शारीरिक सुखसोयीत मोठी बाधा यायला हवी, किंवा त्याला नेहमीचा व्यवसाय पूर्वीसारखा करता येऊ नये. कविता हा व्यवसाय धरतात का, हे वकिलांना विचारायचा मला धीर झाला नाही.

यात एक मेख आहे. अडथळा झाल्याचं कळूनही वर्षभर गप्प बसलात, तर ती वीस वर्षांची साखळी तुटली असं कायदा धरतो. शिवाय घर पुरं झाल्यावर ते पाडायला न्यायालय सहजी तयार होत नाही. मनाई हुकूम मागायचा तो भिंत खिडकीपर्यंत येण्याआधी.

दुसरी मेख मला जास्त लागली. हा हक्क घराच्या खिडकीला आहे, अंगणाला नाही. मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या उजेड-वाऱ्यावर वहिवाटीने हक्क सांगता येत नाही, असं कलम १७ म्हणतं. तुळशीवरचं ऊन, पापड वाळवायची जागा, हौदावरचा वारा, यांना त्या कायद्यात थारा नाही.

पडद्याचा मात्र विचार आहे. शेजाऱ्याच्या घरातला खासगी भाग दिसेल अशी नवी खिडकी काढायची नाही, अशी गावाची रूढी असेल, तर कलम १८ ती मान्य करतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८८ मध्ये गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात असा रूढीचा हक्क मानला. पण रूढी सिद्ध करावी लागते, आणि आता बायका गच्चीवर मोकळेपणाने वावरतात तिथे ती सिद्ध करणं अवघड.

आमच्या बाबतीत नकाशाची प्रत मिळाली. त्यात आमच्या बाजूला दाखवलेलं अंतर प्रत्यक्ष खड्ड्यापाशी कमी भरतं, असं मला वाटतं. त्याला वाटत नाही. म्हणून जोत्याची तपासणी मागितली आहे आणि वकिलांकडे दाव्याचा मसुदाही तयार ठेवला आहे. मी ते त्याला सांगून टाकलं. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "अंतर कमी निघालं तर मागे घेतो चाचा. पण तीन मजले होणार." तपासणी मंगळवारी आहे. टेपचं एक टोक त्याच्या हातात असेल, दुसरं माझ्या.