सुई टोचा, बाहुली घडवा!

दोरा नाही, टाका नाही, डिंक नाही की साचाही नाही. हातात फक्त मूठभर लोकर आणि एक सुई. टोचत राहायचं, टोचत राहायचं... आणि दोन-चार तासांत त्या भुसभुशीत गोळ्यातून एखादं मांजर डोकं वर काढतं! निडल फेल्टिंग असं या छंदाचं नाव. जगभरातली कॉमिक्सवेडी आणि अंतराळपटांची भक्त मंडळी या सुईच्या विशेष प्रेमात आहेत. आवडतं पात्र बाजारात मिळत नाही? मग घरीच टोचून काढा!

ही सुई शिवणकामाची नव्हे. तिला नेढं नसतं, टोकापाशी बारीक खाचा असतात. मुळात ती कारखान्यातली. सुयांच्या यंत्राखाली तंतू ठोकून नमदा, म्हणजे फेल्ट, तयार करतात. तीच सुई हातात धरून लोकरीला आकार देण्याची कल्पना अमेरिकेतल्या डेव्हिड आणि एलेनॉर स्टॅनवूड या दांपत्याने १९८०च्या दशकात पुढे आणली.

लोकरच का, कापूस का नाही? लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. सुईच्या खाचा तंतूंना आत ओढतात, खवले एकमेकांत अडकतात आणि गोळा घट्ट होतो. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आटून बाळाच्या मापाचा होतो ना, त्यामागेही हेच खवले.

आपल्या दक्षिण महाराष्ट्राला हे गुपित जुनंच ठाऊक आहे. तिथे 'जेन' नावाची लोकरीची जाड बैठक बनते, तीही मागाशिवाय. पिंजलेली लोकर अंथरायची, भिजवायची, गुंडाळायची आणि दाबत, मळत राहायचं. सुई जे कोरडं करते, तेच इथे पाणी आणि हातापायांचा जोर करतो.

आता गंमत बघा. छंदाच्या पाकिटात येते ती बहुतेक मेरिनो मेंढीची मऊ, रंगीत, परदेशी लोकर. आणि इकडे कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची काळीभोर लोकर कित्येकदा कातरून चक्क टाकून दिली जाते! कातरणीची मजुरीही त्यातून सुटत नाही. घोंगडीचं गिऱ्हाईक घटलं, सनगरांचे माग थंडावले. उत्पन्न आता मटणाचं, त्यामुळे अंगावर जास्त मांस धरणाऱ्या माडग्याळसारख्या मेंढ्यांकडे कल वाढला.

ही लोकर राठ, टोचरी, हे खरं. स्वेटरला नकोच. पण फेल्टिंगच्या बाहुलीला आतून भक्कम गोळा लागतो आणि तिथे राठ लोकर फार कामाची. काळ्यावर दुसरा रंग चढत नाही, तर मग काळंच काही करा: कावळा, अस्वल किंवा 'स्टार वॉर्स'मधला डार्थ व्हेडर!

याच देशी लोकरीने २०२५ साली फ्रान्समध्ये मान मिळवला. मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसच्या सुरेश एरियत यांनी तिच्यातूनच पात्रं आणि देखावे उभारून 'देसी ऊन' हा अ‍ॅनिमेशनपट केला. बाहुली तसूभर हलवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, असा हा चिकाटीचा मामला. मेंढपाळांच्या आणि देशी लोकरीच्या या कहाणीला आनेसीच्या जगप्रसिद्ध महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला.

म्हणून बाहुल्यांनी कळप वाचतील का? नाही, इतकं भाबडं होऊ नये. एक मेंढी वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपास लोकर देते आणि तेवढ्यात बाहुल्यांची पलटण उभी राहील. खरा खप घोंगडी, जेन, गालिचे यांचाच. पण ज्या घरात मुलं या लोकरीचा कावळा करतील, त्या घरात घोंगडीला निदान 'टोचते बाई' म्हणून नाक मुरडलं जाणार नाही!

करून बघायचंय? लोकर कोमट पाण्यात हलकेच भिजवून धुवा, चोळू नका, नाहीतर तिथेच नमदा होईल. वाळल्यावर कुसळं वेचून पिंजून घ्या. खाली जाड स्पंज ठेवा. सुई ज्या रेषेत आत जाते त्याच रेषेत बाहेर काढा, तिरकी केली की मोडलीच. गोळा सतत फिरवत राहा, एकाच बाजूने टोचलात तर चपटा होईल. बोटं जपा, लहान मुलांच्या हाती सुई देऊ नका. तयार बाहुली कसरीपासून सांभाळा. आणि लोकर? वाटेत धनगराचा वाडा लागला तर थांबून विचारा. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. मात्र फुकट मागू नका, भाव ठरवून घ्या.