छातीतली कळ आणि उपनगरांचे अंतर

सकाळी आठच्या सुमारास बोरिवली स्थानकाचा पूल चढताना पन्नाशीच्या एखाद्या कारकुनाच्या छातीत कळ येते. तो कठड्याला धरून क्षणभर थांबतो, रुमालाने घाम पुसतो, रात्रीच्या जेवणाला दोष देतो आणि गाडी पकडतो. कचेरीत पोचल्यावर पित्ताची गोळी घेतली की त्याच्या लेखी तो विषय संपतो. घरी सांगण्याजोगे काही घडले, असेही त्याला वाटत नाही. उपनगरांतील असंख्य कुटुंबांना हे चित्र परिचयाचे आहे. अशा कळांपैकी पुष्कळशा खरोखरच पित्ताच्या किंवा स्नायूंच्या असतात. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा. आणि त्या कोणत्या, हे सोसणाऱ्याला स्वतःला ठरवता येत नाही, हीच या दुखण्यातील खरी मेख आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली म्हणजे तिच्यापुढील स्नायू मरू लागतो. हे मरण एकदम येत नाही. ते मिनिटामिनिटाने पुढे सरकते. सतरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने असे दाखवून दिले की, साधी अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज ही दोन्ही औषधे मिळाली तर पहिल्या पाच आठवड्यांतील हृदयविकाराचे मृत्यू सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतात. उपचार जितका लवकर, तितका लाभ अधिक, हेही तिने दाखविले. पुढे अँजिओप्लास्टी आली, पण घड्याळाचे राज्य कायम राहिले. निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत रोहिणी मोकळी व्हावी, आणि ते शक्य नसेल तर गुठळी विरघळविणारे औषध विनाविलंब द्यावे, असा आजचा वैद्यकीय दंडक आहे.

छातीच्या मधोमध ओझे ठेवल्यासारखा दाब, ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरणे, सोबत घाम आणि मळमळ ही हृदयाच्या दुखण्याची ठळक खूण होय. मात्र स्त्रियांमध्ये आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये कळ न येता केवळ दम लागू शकतो किंवा विलक्षण थकवा जाणवू शकतो. श्वास घेताना टोचणारी कळ आणि ताप असेल तर न्यूमोनियाचा किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज आल्याचा संशय घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर अचानक दम लागला, तर पायातील गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. गरोदरपणी जिना चढताना एखाद्या तरुण स्त्रीला फार धाप लागते, तेव्हा तिच्या मुळाशी लहानपणीच्या सांधेतापाने अरुंद झालेली हृदयाची झडपही असू शकते. तक्रार एक आणि कारणे अनेक, अशी ही स्थिती आहे.

आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला? त्याची क्षयासाठी तपासणी झालीच पाहिजे, असे राष्ट्रीय कार्यक्रमच सांगतो. अलीकडच्या वर्षांत मुंबईत दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक क्षयरुग्णांची नोंद होत आली आहे; औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाने तर या शहराचे नाव जगभर नेले. थुंकीची आधुनिक चाचणी सुमारे दोन तासांत निकाल देते, आणि सरकारी केंद्रांत चाचणी व औषधे विनामूल्य मिळतात. तरीही रुग्ण खोकल्याच्या बाटल्यांवर आठवडे काढतो. येथील घड्याळ तासांचे नसून आठवड्यांचे आहे, एवढाच फरक. शिवाय या विलंबाची किंमत तो एकटा मोजत नाही. गर्दीच्या डब्यात त्याच्या शेजारी उभा असलेला प्रवासी आणि दहा बाय बाराच्या खोलीत झोपणारी त्याची मुलेही ती मोजतात.

या विलंबाचे खापर सहसा रुग्णाच्या अज्ञानावर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. अंधेरीच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराला किंवा घाटकोपरच्या दुकानातील नोकराला दवाखान्याचा कागद फुकट मिळेल, पण त्यासाठी बुडालेला रोज कोण देणार? तपासणीची खरी किंमत केसपेपरच्या शुल्कात नसते. ती बुडालेल्या मजुरीत, मस्टरवरील लाल शेऱ्यात आणि ‘काही निघाले तर पुढे काय’ या धास्तीत असते. ही किंमत आज आणि रोख मोजावी लागते, तर दुर्लक्षाची किंमत उद्याची आणि अनिश्चित असते. हातातोंडाची गाठ पडण्याची मारामार असलेला माणूस यातून काय निवडील, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही.

त्यात भूगोलाची भर पडते. १९५० आणि १९५७ साली उपनगरे टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या हद्दीत आली. तोवर परळचे के. ई. एम., मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक ही पालिकेची तिन्ही मोठी रुग्णालये बेटावर उभी राहिली होती. शिवडीचे क्षयरुग्णालयही तेथेच आहे. माणसे उत्तरेकडे सरकली, रुग्णालये जागीच राहिली. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजार, तर उपनगर जिल्ह्याची ९३ लाख ५७ हजार भरली. तरीही उपनगरांतील पालिकेच्या रुग्णालयाला, म्हणजे कूपरला, वैद्यकीय महाविद्यालय जोडले जाण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलुंडने एक वेगळे दृश्य पाहिले. पुण्यातील एका मेंदूमृत रुग्णाचे हृदय विमानाने मुंबईत आणले गेले, पोलिसांनी रस्ते मोकळे केले आणि दोन तासांच्या आत ते मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात पोचले. तेथील हृदयरोपण यशस्वी झाले, त्याचे कौतुक योग्यच आहे. पण त्याच मुलुंडमधील एखाद्या कारकुनाच्या स्वतःच्या हृदयाजवळही असेच जेमतेम दोन तास असतात, आणि त्याच्यासाठी कोणी रस्ता मोकळा करीत नाही. मनात आणले तर ही नगरी मिनिटांचा हिशेब ठेवू शकते, हे सिद्ध झाले आहे. तो हिशेब सामान्य माणसासाठी नित्याचा कधी होणार, एवढेच विचारावयाचे उरते.

प्रत्येक कळेसाठी धावाधाव केली तर रुग्णालये ओस पडलेल्या पित्ताने भरून जातील, असा आक्षेप घेतला जातो. ‘पित्तानेच भरून जातील’ हे मान्य केले, तरी दोन चुकांची किंमत सारखी नाही. पित्तासाठी काढलेला ईसीजी म्हणजे काही मिनिटे आणि थोडा कागद वाया जातो. झटक्याला पित्त समजले तर घरचा कर्ता जातो. म्हणून महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात आणि मोठ्या स्थानकाजवळ ईसीजीची सोय असावी, आणि तो आलेख दूरध्वनीवरून क्षणात हृदयतज्ज्ञाकडे जावा. पहिला आलेख निर्दोष निघाला तरी संशय असल्यास तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची रक्तचाचणीही करावी लागते. तेव्हा रुग्णाला घरी न पाठविता थांबवून घेण्याची व्यवस्था हवी. २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांनी सायंकाळच्या वेळा ठेवून नोकरदाराची अडचण ओळखली. त्याच विचाराचे हे पुढले पाऊल ठरेल. छातीच्या तक्रारीसाठी गेलेला अर्धा दिवस पगारातून कापला जाणार नाही, एवढी हमी मालकांनी आणि कचेऱ्यांनी द्यावी.

तोवर घरोघरी एक गोष्ट ठरून गेली पाहिजे. छातीत दाब आला आणि घाम फुटला, तर जिना उतरून रिक्षा शोधावयाची नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावयाची आणि ती येईपर्यंत स्वस्थ बसावयाचे. चुकलेल्या गाडीमागून दुसरी गाडी येते.