चोरीला गेली तरी जागेवरच असलेली किल्ली

जेऊरहून कंदरकडे निघालं की उजनीच्या फुगवट्यावर पोसलेल्या केळीच्या बागा लागतात. तिथल्या एका पॅकहाऊसमध्ये मी कंटेनर भरताना पाहत होतो. घडाच्या फण्या कापायच्या, धुवायच्या, पुसायच्या आणि तेरा-साडेतेरा किलोच्या पेटीत बसवायच्या. पेट्या रीफर कंटेनरमध्ये चढल्या, आतलं तापमान १३ अंशांवर लागलं, दार मिटलं आणि मुकादमानं कडीत लोखंडी बोल्ट सील ठोकलं. सीलवरचा नंबर त्यानं दोनदा मोठ्यानं वाचला, कागदावर लिहिला, मोबाइलमध्ये फोटो काढला. आता हे सील आखातात पोचल्यावर कटरनंच तुटायचं. तुटलं की पुन्हा लागत नाही. त्यामुळे वाटेत कुणी हात घातला तर ते लपत नाही.

पासवर्डचं नेमकं उलटं असतं. तो चोरीला गेला तरी मालकाजवळ जसाच्या तसा राहतो. चोर तो टाइप करतो तेव्हा सर्व्हरला समोर मालकच दिसतो. ना कडी तुटलेली असते, ना भिंतीला भोक.

या कंटेनरची पुढची वाट न्हावा शेवाला जाते, आणि अशा चोरलेल्या किल्लीनं किती नासधूस होते याचा महाराष्ट्रातला मोठा दाखला त्याच बंदरातला आहे. २७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी आणि आपली कंटेनर कॉर्पोरेशन यांची ती भागीदारी. तेव्हा वर्षाला १८ लाख वीसफुटी कंटेनर हाताळण्याची क्षमता. क्रेनला काही झालं नव्हतं, धक्काही शाबूत होता. पण हजारो एकसारख्या पेट्यांतली कुठली कुणाची, कुठल्या जहाजावर चढायची, हे सांगणारी संगणकव्यवस्थाच गेली. मग माणसांनी हातानं नोंदी करत काम रेटलं.

हल्ल्याचं नाव नॉटपेट्या. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागणारा मजकूर येई, पण पैसे भरूनही काही परत मिळण्यासारखं नव्हतं. उद्देश नासाडीचाच होता. ब्रिटन आणि अमेरिकेनं फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं; ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. रशिया हे नाकारत आला आहे.

सुरुवात कुठून झाली ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. युक्रेनमध्ये हिशेब आणि करभरणीसाठी एमईडॉक नावाचं सॉफ्टवेअर घरोघरीच्या कॅलेंडरासारखं पसरलेलं होतं. ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरची तपासणी नंतर सिस्कोच्या टॅलोस या पथकानं केली. चोरांनी तिथल्या एका व्यवस्थापकाचं लॉगिन मिळवलं होतं. त्या लॉगिननं ते रीतसर आत शिरले, सर्व्हरचे सर्वोच्च अधिकार घेतले आणि अपडेट मागायला येणाऱ्या ग्राहकांना गुपचूप आपल्या यंत्राकडे वळवलं. एका माणसाच्या पासवर्डवर त्यांनी त्या कंपनीच्या साऱ्या ग्राहकांचं दार उघडून घेतलं. मर्स्कच्या ओडेसातल्या कचेरीत एका संगणकावर हे सॉफ्टवेअर होतं. एकाच.

तिथून न्हावा शेवापर्यंत ही आग आली कशी? विंडोजमधल्या एका त्रुटीचा उपयोग झाला हे खरं. ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिली होती. पण ज्यांनी ती बसवली होती त्यांचेही संगणक पडले, आणि त्याचं कारण किल्ल्यांमध्ये आहे.

कचेरीतला संगणक बिघडला की दुरुस्तीला आलेला माणूस आपलं लॉगिन टाकतो. प्रिंटर चालू करतो आणि निघून जातो. त्याच्या ओळखीचा ठसा मात्र संगणकाच्या मेमरीत राहतो, कारण दर वेळी पासवर्ड विचारून वापरणाऱ्याला त्रास होऊ नये अशी सोय करून ठेवलेली असते. बेंजामिन डेल्पी या फ्रेंच माणसानं २०११ मध्ये मिमिकॅट्झ नावाचं साधन लिहून दाखवून दिलं की मेमरीतला हा पासवर्ड जसाच्या तसा बाहेर काढता येतो. त्यानं आधी मायक्रोसॉफ्टला कळवलं होतं. त्यांना तो गंभीर दोष वाटला नाही. पुढे २०१३ मध्ये आलेल्या विंडोज ८.१ पासून ही सोय मुळातच बंद ठेवली जाऊ लागली, पण जुनी यंत्रं जगभर चालूच होती. नॉटपेट्यात याच जातीचं साधन होतं. एका संगणकावर पोचलं की ते मेमरीतली लॉगिनं उचलायचं आणि त्याच लॉगिननं शेजारच्या संगणकावर जायचं. तिथे याहून मोठ्या अधिकाऱ्याचं लॉगिन सापडलं तर ते घेऊन आणखी पुढे. दुरुस्ती न केलेला एखादा संगणक मिळाला तरी पुरे; पुढची दारं आतल्याच माणसांच्या नावानं उघडत गेली.

मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. हे आकडे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले. कोण कर्मचारी, त्याला काय अधिकार, याची नोंदवही सांभाळणारे त्यांचे सगळे सर्व्हर पुसले गेले होते. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घालणाऱ्या आमच्या गावाला ही गोष्ट सांगितली की लोक क्षणभर गप्प होतात.

लिनक्सच्या सर्व्हरवरही हेच चालतं. तिथे दुरून शिरण्याचा राजमार्ग म्हणजे एसएसएच. त्याचा जन्मच पासवर्डच्या चोरीतून झाला. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड टिपत बसलं होतं. ते पाहून ताटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. वाट सुरक्षित झाली. पण पुढच्या यंत्रांची किल्ली असलेली फाइल पुष्कळदा सर्व्हरवरच राहते आणि इथून कुठकुठल्या यंत्रांशी बोलणं झालं त्यांची यादीही बहुधा शेजारीच असते. आत शिरलेला चोर आधी या दोन गोष्टी शोधतो. पहिलीत किल्ली, दुसरीत पत्ते.

मुळात पासवर्ड मिळतात कुठून? बऱ्याचदा दुसऱ्याच घरातून. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून पासवर्ड फुटले. ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्यानं दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला होता. चोर त्याच किल्लीनं ड्रॉपबॉक्समध्ये शिरले आणि सहा कोटींवर खात्यांची माहिती गेली; तिचा खरा आवाका कळायला २०१६ उजाडलं. फुटलेल्या याद्या घेऊन यंत्रंच शेकडो दारांवर किल्ल्या लावून पाहतात. त्यात चोराच्या हुशारीचा भाग थोडा, आपल्या एकच पासवर्ड सगळीकडे ठेवण्याचा मोठा.

बँकेवरचा सायबर दरोडा म्हटलं की आपल्याकडे पुण्याच्या कॉसमॉस बँकेची २०१८ ची घटना निघते. तिथे गेले ९४ कोटी, पण बराचसा पैसा बनावट कार्डांनी एटीएममधून निघाला. ती वेगळी गोष्ट आहे. आपल्या विषयाला जास्त जवळची घटना मुंबईची. जुलै २०१६ मध्ये युनियन बँक ऑफ इंडियात रिझर्व्ह बँकेकडून आल्याचं भासवणारा ईमेल आला. कुणीतरी जोडलेली फाइल उघडली, घुसखोरांना बँकांनी एकमेकींना पैशांचे हुकूम पाठवायच्या स्विफ्ट व्यवस्थेची लॉगिनं मिळाली आणि बँकेच्या परदेशातल्या खात्यातून १७ कोटी डॉलर वळवण्याचे हुकूम सुटले. स्विफ्टच्या नजरेत ते हुकूम बँकेचेच होते. पकडलं कुणी? दुसऱ्या दिवशी खात्याचा मेळ घालणाऱ्या माणसांनी. जमाखर्च जुळेना म्हणताच धावाधाव झाली आणि सगळी रक्कम परत मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बांगलादेश बँकेत अशीच चोरी झाली होती. तिथे व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर बंद पाडलेला होता, सुट्ट्या लागून आल्या होत्या, आणि मेळ बसायच्या आत ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचले. या दोन बँकांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्या दुकानदाराला जे कळतं तेच मुंबईत कामी आलं.

आणि म्हणून आमच्याकडचं एक दृश्य मला अस्वस्थ करतं. एका दाखले काढून देणाऱ्या केंद्रात गेलो होतो. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीनं पुठ्ठा लावलेला, त्यावर निळ्या पेननं तीन लॉगिनं आणि तीन पासवर्ड. तीन मुलं आळीपाळीनं बसून तीच लॉगिनं वापरत होती. त्यांचा दोष मी मानत नाही. दारात पंचवीस माणसं, सर्व्हर डाऊन, शाळेच्या प्रवेशाची शेवटची तारीख. पण एका नावावर तिघं काम करू लागले की उद्या चुकीचा दाखला निघाला तर तो कुणी काढला हे नोंदीतून कळणार नाही. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात रायबरेलीच्या सलोन भागात ग्रामविकास अधिकाऱ्याच्या लॉगिनवरून हजारो बोगस जन्मदाखले निघाल्याचं उघड झालं, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याचा पासवर्ड कपटानं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६सी कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. पण ज्यानं आपणहून पुठ्ठ्यावर लिहून दिला, त्याचं काय?

पॅकहाऊसच्या मुकादमाला मी ओटीपी समजावून सांगत होतो. तो चटकन म्हणाला, "म्हणजे आमच्या सीलसारखंच की दादा. एकदा वापरलं की संपलं."

"हो. पण दाखल्यांच्या केंद्रातली पोरं ज्यांचं लॉगिन त्या साहेबांना फोन करतात आणि साहेब फोनवरच ओटीपी सांगतात."

तो थांबला. "मग कोरं सील ड्रायव्हरच्या हातात दिल्यासारखं झालं," म्हणाला, आणि पुढच्या गाडीचा नंबर वाचायला उठला.

परवा त्या केंद्रात पुन्हा गेलो. पुठ्ठा गेला होता. प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॉगिन मिळावं म्हणून अर्ज केलाय, अजून उत्तर नाही, असं थोरला म्हणाला. तोवर त्यांनी एक वही घातली आहे. कोण कधी बसला, किती दाखले काढले. सात वाजता शटर अर्धं ओढून तो पावत्या मोजत होता आणि धाकटा पडद्यावरची यादी वाचत होता. एक दाखला जास्त निघाला. "काका, जरा थांबा," म्हणून दोघं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.