अळी पडली, साहेब!

कपाशीच्या दोन ओळींमध्ये मी पालथा पडलो होतो. श्वास रोखलेला, एक डोळा मिटलेला, कोपरं चिखलात. बांधावरून चाललेल्या दोन बाया थबकल्या. एक दुसरीला म्हणाली, "बघ गं, म्हातारं चक्कर येऊन पडलं की काय!" मी मान न वळवता नुसता हात हलवला. त्यानं त्या अधिकच घाबरल्या आणि माझ्या धाकट्या भावाला हाका मारत सुटल्या. तोवर पानावरचा किडा उडून गेला होता.

जून २०२४ ते जून २०२५ हे माझं वर्ष असं गेलं. बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली, तिसरी कादंबरी दीडशे पानांवर रुसून बसलेली. त्यातच मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आणि पांढरा रंग किती पांढरा असतो, हे पुन्हा कळलं. मुलानं त्याचा जुना कॅमेरा आणि शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स देऊन टाकली. ठरवलं, एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत दर आठवड्याला एक जीव. मुंगीपासून सरड्यापर्यंत कुणीही चालेल. पकडायचं नाही, मारायचं नाही आणि काही हौशी मंडळी करतात तसं किड्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचं नाही. हद्द दोनच ठिकाणांची. परभणीतलं आमच्या घराचं अंगण आणि जिंतूर तालुक्यातलं भावाचं शेत.

पहिला मान अर्थातच मृगाच्या किड्याला. लहानपणी काडेपेटीत ठेवलेला तो लाल मखमली जीव आपण सगळ्यांनीच पाहिलाय. फोटो मोठा करून पाय मोजले तर आठ निघाले! म्हणजे हा किडा नव्हेच, कोळ्या-गोचिडांच्या गोतावळ्यातला. साठी उलटेपर्यंत मी त्याचे पाय मोजले नव्हते.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. इतक्या जवळून फोटो काढताना जेमतेम एखादा मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा साधला तर पाय पुसट, पाय साधला तर डोळा. वारा आला की फोटो गेला. भल्या पहाटे, दव असताना, हे जीव गारठून स्तब्ध असतात, म्हणून पाचला उठायचं. फ्लॅशचा उजेड मऊ व्हावा म्हणून मी त्याच्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधत असे. सौभाग्यवती म्हणाल्या, "बँकेत असताना आठला उठत नव्हतात!"

अंगणातला उड्या मारणारा कोळी मात्र फार सज्जन. जाळं विणत नाही, भिंतीवर फिरून शिकार करतो. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. लेन्स जवळ नेली की तो वळून आपल्याकडेच पाहतो. बांधावरच्या रुईवर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या भेटल्या. रुईचा विषारी चीक पचवून त्या स्वतःच इतक्या कडू होतात, की फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पावसाळा सरताना शेतावर पिवळ्या चतुरांचे थवे घिरट्या घालत होते. याच जातीचे चतुर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असं चार्ल्स अँडरसन या मालदीवमधल्या अभ्यासकानं २००९ मध्ये मांडलं. आमच्या बांधावरून आफ्रिका! मी अजून पासपोर्टही काढलेला नाही.

जाँ-आंरी फाब्र या फ्रेंच माणसाचा मला या काळात मोठा आधार वाटला. मास्तरकी सुटल्यावर १८७९ मध्ये त्यानं एक दगडाळ, पडीक तुकडा विकत घेतला आणि १९१५ मध्ये मरेपर्यंत तिथल्याच माश्या-भुंगे पाहत बसला. गावकऱ्यांना तोही खुळाच वाटला असणार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते सांगतो.

१९८६ साली एका खेड्यातल्या शाखेत मी पीककर्जं पाहत असे. मी बी.कॉम., लहानपणापासून मामाकडे शहरात वाढलेला. पाहणीला गेलो असता एका शेतकऱ्यानं कपाशीचं पान उलटं करून दाखवलं. त्यावर काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या चार-पाच अळ्या. "अळी पडली, साहेब." मी अहवालात 'किडीचा प्रादुर्भाव' असं लिहिलं आणि औषधासाठी जादा रकमेची शिफारस केली. विषाला औषध म्हणणारी आपली भाषा! त्या काळी एन्डोसल्फान सर्रास मारलं जाई. सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये.

सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली. पाणी ओसरल्यावर भावाच्या वाचलेल्या कपाशीत मला हुबेहूब तीच अळी दिसली. फोटो काढला आणि घरी येऊन मोठा करून पाहिला. तिच्या जबड्यात मावा होता, त्याचे पाय अजून हवेत होते. मग रोज त्याच झाडाकडे गेलो. ती पानाला चिकटून कोष झाली. एके सकाळी कोषातून फिकट पिवळा, कोऱ्या पाठीचा भुंगा निघाला आणि दुपारपर्यंत त्याच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेषा उमटल्या. ढालकिडा! पिकावरचा मावा फस्त करणारा मित्रकीटक.

१९८६ सालच्या त्या पानावर शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार बसले होते आणि त्यांना मारायला मी कर्ज दिलं होतं. त्याचं नाव मला आठवतं. ते कर्ज पुढं थकलं आणि नोटिशीवर सहीही माझीच होती. कर्ज काही तेवढ्यानंच थकलं नसेल, हे मला कळतं. तरी त्या रात्री झोप आली नाही.

उत्साहानं भावाला फोटो दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमचा फोटो निघतो, माझं बोंड जातं." त्याचंही खोटं नव्हतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचं संरक्षण निकामी ठरवलं, तेव्हा त्याच्या हाती अर्धाही कापूस आला नव्हता. त्यानं मला डोमकळी दाखवली. आत अळीनं पाकळ्या जाळ्यानं बांधून घेतल्यामुळं फूल उमलतच नाही. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. मरतात ते बाहेरचे, त्यात ढालकिडेही. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण शेजारी फवारत असताना हातावर हात ठेवून बसायला छाती लागते. त्याच वर्षी यवतमाळकडं फवारताना विषबाधेनं माणसं गेली, हेही तो विसरलेला नाही.

मी कृषी विद्यापीठातून ट्रायकोकार्डं आणून दिली. त्यातून निघणारी, मिलिमीटरपेक्षाही लहान माशी बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्यानं माझा मान राखून ती पानांना टाचली. चारच दिवसांत शेजारच्या फवाऱ्याचा झोत वाऱ्यानं आमच्याकडं आला. भाऊ काही बोलला नाही, मीही नाही.

बावन्नावा फोटो पुन्हा मृगाच्या किड्याचाच घ्यायचा होता. शेतभर हिंडलो, मिळाला नाही. शेवटी नांगर न लागलेल्या, म्हसोबाच्या दगडाजवळच्या गवतात दोन सापडले.

ऑगस्ट २०२५ मध्ये एके सकाळी भावाचा मोबाईलवर फोटो आला. कपाशीच्या कडेनं त्यानं यंदा चवळीच्या दोन ओळी टाकल्या होत्या, मला न सांगता. फोटो हललेला, अर्ध्या भागात त्याचा अंगठा. पण पानावर केसासारख्या दांड्यांच्या टोकाला पांढुरकी अंडी उभी होती. क्रायसोपाची, हिची अळीही मावा खाते. खाली लिहिलं होतं, "दादा, हे काय हाय? फवारणीवाला उद्या यायलाय. येऊ देऊ का?"

मी चहा तसाच ठेवून फोन लावला.