हजेरीपटावरची नावे

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मुंबईच्या एखाद्या वॉर्डातल्या घनकचरा विभागाच्या हजेरी चौकीबाहेर पन्नासेक माणसे जमतात. भिंतीला लांब दांड्याचे झाडू टेकवलेले, बाजूला ढकलगाड्यांची रांग. मुकादम नावे पुकारतो आणि कोणी कुठला रस्ता झाडायचा ते बीट वाटून देतो. एखादी बाई साडीवरच खाकी शर्ट चढवते, कारण कपडे बदलायला चौकीत आडोसा मिळेलच असे नाही. तासाभरात सगळे पांगतात आणि शहर जागे व्हायच्या आत रस्ते स्वच्छ होतात.

याच महापालिकेच्या मुख्यालयात दहा-साडेदहाला दुसरी हजेरी लागते. तिथे अभियंते, लेखापाल, कारकून येतात. मालक एकच, पगाराची तिजोरीही एकच. पण दोन्ही हजेरीपट शेजारी ठेवून नुसती आडनावे वाचली, तरी या शहराची जुनी रचना अजून किती शाबूत आहे हे कळते. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सर्व समाजघटकांना स्थान आहे का, असे विचारले की उत्तर ‘आहे’ असेच येते, आणि ते खोटेही नसते. विचारायला हवे ते हे, की कुठल्या वहीत आणि कुठल्या पानावर आहे?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानाचा कारभार हाती घेतला, तेव्हा संस्थानातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. आठ वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांमधून भरण्याचा आदेश काढला. महाराज त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. आदेशातला पन्नास टक्क्यांचा आकडा सर्वांना पाठ असतो. त्याचे शेवटचे कलम मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने नव्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असे त्यात होते. नुसत्या हुकमाने खाती बदलत नाहीत, मोजदाद मागत राहावी लागते, हे त्या तरुण राजाला पुरते ठाऊक होते.

नोकरी दिली म्हणजे वागणूक बदलते, असा भाबडा समजही त्यांचा नव्हता. राजवाड्यातल्या पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे या नोकराला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. पुढे १९१८ मध्ये त्यांनी महारवतन रद्द केले आणि दलित तरुणांना तलाठी म्हणूनही नेमले. तलाठी म्हणजे गावाचे दप्तर सांभाळणारा. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्याच हाती सातबारा! जागा देणे आणि जागेचा मान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते.

त्यानंतर कायदे आले आणि वाढतही गेले. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गाचे आरक्षण आहे. १९९४ च्या महिला धोरणाने महिलांसाठी ३० टक्के जागा आल्या. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांचा वाटा तीनवरून चार टक्के झाला. प्रत्येक कार्यालयात बिंदुनामावली असते आणि कुठल्या क्रमांकाची जागा कुठल्या प्रवर्गाची ते त्यात लिहिलेले असते. ही चौकट नसती तर पालिकांची कार्यालये आजच्यापेक्षा कितीतरी एकसुरी दिसली असती.

पण एक खाते असे आहे, जिथे बिंदुनामावली नव्हती तेव्हाही ‘प्रतिनिधित्व’ शंभर टक्क्यांच्या आसपास होते. ते म्हणजे सफाई खाते.

मुंबई वाढू लागली तसे मैला उचलायला, गटारे साफ करायला माणूसबळ हवे झाले. काठियावाडातून मेघवाळ आले, उत्तरेकडून वाल्मीकी आले, कोकणातून आणि घाटावरून महार आले. ज्या कामासाठी गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवले होते, तेच काम शहराने त्यांना पगार देऊन सोपवले. पगार मिळाला ही मोठी गोष्ट होती, ती कमी लेखू नये. गावकीच्या शिळ्या भाकरीपेक्षा पहिल्या तारखेचा पगार केव्हाही माणसाला ताठ उभे करतो. डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो याच कामगारांच्या बळावर. पण जात आणि काम यांची गाठ पगाराने सुटली नाही. उलट तिच्यावर सरकारी शिक्का बसला.

१९७० च्या दशकात लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशी आल्या. सफाई कामगार निवृत्त झाला, मरण पावला किंवा आजारपणाने अपात्र ठरला, तर त्याच्या वारसाला नोकरी मिळावी, असे ठरले. वस्त्यांमध्ये आजही ‘लाड-पागे’ हा शब्द नोकरीच्या हमीच्या अर्थाने वापरला जातो. ‘मुलाचे लाड-पागेत झाले’ असे आई समाधानाने सांगते आणि त्या समाधानाला बोट लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. बेकारीच्या काळात कायम नोकरीचे मोल काय असते, ते त्या घराला विचारावे.

तरीही या व्यवस्थेचे दुसरे अंग बघायलाच हवे, आणि ते आहे घराचे. मुंबईतले हजारो सफाई कामगार पालिकेच्या सेवानिवासात राहतात. दादरच्या कासारवाडीसारख्या वसाहतींत तीन-तीन पिढ्या एकाच खोलीत वाढल्या. खोली नोकरीला बांधलेली असते; नोकरी गेली की खोली सोडावी लागते. वडील निवृत्तीला आले की बारावी झालेल्या, पदवी घेतलेल्या मुलापुढे प्रश्न उभा राहतो तो करिअरचा नसतो. आई, बहिणी आणि सामान कुठे न्यायचे, हा असतो. मग तो पदवीचा कागद कपाटात ठेवतो आणि झाडू हातात घेतो. याला कोणी त्याची निवड म्हणू नये. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी या कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. गटारात उतरलेली माणसे आणि त्यांच्या दाटीवाटीच्या खोल्या एकत्र पाहिल्या की ही साखळी डोळ्यांपुढे येते.

साखळी तोडू पाहणाऱ्याच्या वाट्याला काय येते, तेही नोंदले गेले आहे. वडिलांच्या जागी सफाई कामगार म्हणून लागलेला मुंबईचा एक तरुण रात्रपाळीत काम करून शिकत राहिला आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसपर्यंत पोहोचला. पालिकेकडे अभ्यासरजा मागताना मात्र त्याला राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगापर्यंत दाद मागावी लागली. झाडूवाला पुढे शिकेल, ही शक्यताच यंत्रणेने कधी गृहीत धरली नव्हती. बढतीचे जिने बांधताना त्या पायरीपासून वर जायची वाटच काढलेली नसेल, तर भरतीतल्या आरक्षणाचे आकडे कितीही चोख असोत, माणूस तळमजल्यावरच राहतो.

पुण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरापेटीतून भंगार वेचणाऱ्या, बहुतांश दलित बायका संघटित झाल्या आणि त्याच दशकात त्यांनी पालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र मिळवले. चोर समजून हटकणाऱ्या पोलिसापुढे धरायला हातात एक कार्ड आले. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. मुंबईत माणसे पालिकेत होती, पण खाली दाबलेली. पुण्यात ती पालिकेच्या दाराबाहेर होती आणि स्वतःची संस्था घेऊन दारात आली. आजही त्या पालिकेच्या कर्मचारी नाहीत. घराघरातून मिळणाऱ्या शुल्कावर त्यांचे घर चालते आणि कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली की अनिश्चितता पुन्हा डोके वर काढते.

अलीकडची वाट पिंपरी-चिंचवडची. २०२२ मध्ये तिथल्या महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल पथकात घेतले. ज्यांना पाहून लोक सिग्नलला काच वर करतात, त्यांच्या अंगावर पालिकेचा गणवेश आला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्याच्या पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना आला. कर्नाटकाने तर २०२१ मध्येच तृतीयपंथीयांना नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले होते.

अशा प्रत्येक प्रयोगाने कोचीचा अनुभव जवळ ठेवावा. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या आणि देशभर कौतुक झाले. थोड्याच दिवसांत त्यांतल्या आठ जणांनी काम सोडले. शहरात कोणी त्यांना भाड्याने खोली देईना, लॉजच्या भाड्यातच पगार संपायचा. मुंबईच्या वारसाला खोली टिकवण्यासाठी झाडू धरावा लागतो आणि कोचीत खोली नाही म्हणून नोकरी सुटते. दोन टोकांना प्रश्न एकच आहे. नोकरीच्या जाहिरातीत निवाऱ्याचा, स्वच्छतागृहाचा, रॅम्पचा उल्लेख नसतो. पण माणूस टिकणार की जाणार हे तिथेच ठरते.

आणि आता तर वहीच बदलते आहे. कायम जागा रिकाम्या ठेवायच्या आणि काम कंत्राटदाराला द्यायचे, ही रीत बहुतेक पालिकांत रुळली आहे. कंत्राटात बिंदुनामावली नाही, दिव्यांगांचा वाटा नाही, वारसा हक्कही नाही. मुंबईत एकेका कंत्राटात वीसपेक्षा कमी कामगार दाखवले जात, म्हणजे १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत नसे. झोपडपट्टीच्या सफाईच्या योजनेत तर राबणाऱ्याला कामगारऐवजी ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले आणि मजुरीला मानधन. मात्र रस्ते झाडणारे हात त्याच समाजांचे राहिले.

मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने याविरुद्ध दीर्घ न्यायालयीन लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला. पालिका वरच्या न्यायालयात गेली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांचीच बाजू उचलून धरली. वस्त्यांमध्ये गुलाल उधळला जावा असा तो दिवस होता.

मग याद्या निघाल्या. कागदपत्रांची पडताळणी सुरू झाली आणि अनेकांचे घोडे तिथे अडले. दाव्याच्या यादीत नाव एका तऱ्हेने लिहिलेले, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. कुठे एखादे अक्षर जास्त, कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे. ज्यांच्या नावाने रोज हजेरी घेतली जात होती, ती हीच माणसे असल्याचा पुरावा आता त्यांच्याकडेच मागितला जात होता. निकाल जिंकलेली माणसे प्रतिज्ञापत्रे, जुनी ओळखपत्रे आणि रेशनकार्डे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पालिकेच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली.