पांच ग्रहांची ओळख

ज्या घरांत साडेसातीचीं वर्षें बोटांवर मोजलीं जातात, मुलीच्या पत्रिकेंतील मंगळानें जेथें आईबापांची झोंप उडते, आणि शुक्राचा अस्त आला म्हणून जेथें लग्नाची तिथि पुढें ढकलली जाते, त्या घरांतील मंडळींना रात्रीं गच्चीवर नेऊन "ह्यांतला शनि कोणता?" असें विचारलें, तर बहुधा कोणालाच उत्तर देतां येत नाहीं. ग्रहांचें भय घरोघर आहे. ओळख मात्र नाहीं. वास्तविक नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारे ग्रह अवघे पांच: बुध, शुक्र, मंगळ, गुरु आणि शनि. ते ओळखण्यास दुर्बीण लागत नाहीं, आणि बुध वगळला तर इतर चौघांना शहरांतील दिव्यांचा झगमगाटही सहसा लपवूं शकत नाहीं.

ग्रह कोठें शोधावा हें आधीं ठरविलें पाहिजे. सूर्य वर्षभरांत नक्षत्रांमधून ज्या वाटेनें फिरतो, ती वाट म्हणजे क्रांतिवृत्त. चंद्र आणि ग्रह ह्याच वाटेच्या आजूबाजूस असतात. म्हणून सप्तर्षींत किंवा ध्रुवाजवळ ग्रह कधींच सांपडावयाचा नाहीं. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा ह्या ठळक तारा ह्या वाटेच्या कडेला मैलाच्या दगडांसारख्या आहेत. त्या एकदां ओळखीच्या झाल्या, कीं त्यांच्या ओळींत दिसणारा अनोळखी तेजस्वी बिंदु हा ग्रह असण्याचा संभव फार.

दुसरी खूण लुकलुकण्याची. तारा इतक्या दूर असतात कीं त्यांचा प्रकाश एकाच बिंदूपासून आल्यासारखा असतो. हवेच्या हेलकाव्यांनीं तो डगमगतो व तारा लुकलुकते. ग्रहाचें बिंब, लहान कां होईना, बिंब असतें. त्याच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या किरणांची थरथर परस्परांत मिटून जाते, आणि ग्रह शांतपणें तेवत राहतो. मात्र क्षितिजालगत ग्रहही लुकलुकतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारें दहा अंश भरते. ग्रह क्षितिजापासून दोनतीन मुठी वर आल्यावर ही परीक्षा घ्यावी.

शुक्र सर्वांत तेजस्वी. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आंत असल्यामुळें तो सूर्यापासून ४७ अंशांहून फारसा दूर दिसत नाहीं. तेव्हां तो एक तर सायंकाळीं पश्चिमेस, नाहीं तर पहांटे पूर्वेस. मध्यरात्रीं डोक्यावर तळपणारा ग्रह शुक्र असूंच शकत नाहीं. सायंकाळची आणि पहांटेची चांदणी एकच होय. एका बाजूस सुमारें आठ-नऊ महिने दिसल्यावर तो सूर्याच्या तेजांत दिसेनासा होतो. हाच पंचांगांतील शुक्राचा अस्त. दिवसा लावलेला दिवा दिसत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

बुध ह्याहूनही सूर्याला धरून असतो; त्याचें अंतर २८ अंशांपलीकडे जात नाहीं. त्याला शोधावयाचें तर सूर्यास्तानंतर पाऊण तासानें, किंवा सूर्योदयापूर्वीं तितकाच वेळ आधीं, अगदीं मोकळें क्षितिज पाहिजे. मुंबईच्या चौपाटीसारखा पश्चिमेकडील समुद्रकांठ ह्या कामीं सोईचा.

उरलेले तिघे रात्रीच्या कोणत्याही प्रहरीं दिसूं शकतात. त्यांत गुरु बहुधा सर्वांत ठळक, रंगानें पांढरट-पिवळा. त्याची प्रदक्षिणा सुमारें बारा वर्षांची, म्हणजे एका राशीस साधारण एक वर्ष. तो सिंहेस आला कीं नाशिकास सिंहस्थ भरतो. २०१५ सालीं असा भरला होता. गॅलिलिओला १६१० सालीं दिसलेले त्याचे चार चंद्र आज साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात.

मंगळ त्याच्या तांबूस रंगावरून ओळखावा. तो रंग तेथील मातींतील लोखंडाच्या गंजाचा आहे. त्याचें तेज फार बदलतें. २७ ऑगस्ट २००३ रोजीं तो पृथ्वीपासून सुमारें ५ कोटी ५८ लक्ष किलोमीटरवर होता. सूर्यापलीकडे गेला असतां हेंच अंतर ३५ कोटींच्या वर जातें. दूर असतां रोहिणी व ज्येष्ठा ह्या तांबूस तारांशीं त्याची गल्लत होते. तेथें लुकलुकण्याची खूण उपयोगी पडते.

शनि पिवळट, मंद तेजाचा आणि संथ. त्याला बारा राशी फिरण्यास सुमारें साडेएकोणतीस वर्षें लागतात. अर्थात् एका राशीस अडीच वर्षें. जन्मराशि, तिच्या मागील एक व पुढील एक, अशा तीन राशींचीं मिळून साडेसात. ज्या आंकड्याची एवढी धास्ती, तो असा साध्या त्रैराशिकाचा आहे. २१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळीं गुरु आणि शनि एकमेकांपासून अंशाच्या सुमारें दहाव्या भागाइतके जवळ दिसले. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. आणि त्या क्षणींही त्यांच्यामध्यें ७० कोटी किलोमीटरांहून अधिक अंतर होतें. हा योग गणितानें कितीतरी आधीं वर्तविलेला होता.

अभ्यासास आरंभ करतांना एकच ग्रह घ्यावा. त्याच्या शेजारच्या दोनतीन तारा कागदावर मांडून त्यांत त्याची जागा दाखवावी, आणि दर पंधरा दिवसांनीं नवी खूण करावी. तारा जागच्या जागीं राहतात, ग्रह सरकतो. मंगळ, गुरु किंवा शनि कांहीं काळ उलट चालूं लागला, तर आश्चर्य मानूं नये. जलद आगगाडीनें शेजारच्या सावकाश गाडीस मागें टाकलें असतां ती उलट जात असल्याचा भास होतो. पृथ्वी ग्रहाला मागें टाकते तेव्हां तसेंच घडतें. पंचांगांत ह्यालाच "वक्री" म्हणतात. घरांतील एखाद्या मुलानें असें टिपण सहा-आठ महिने ठेवलें, तर हा शब्द त्याला त्याच्याच हातच्या रेघेंत वळलेला दिसेल, आणि त्या ग्रहाची भीति त्याला कोणी घालूं म्हटलें तरी ती सहसा लागावयाची नाहीं.